क्लोजिंग एरर

आमच्या सिव्हिल इंजिनिअरिंग असोसिएशनला घटना होती. बाकी काही नव्हतं.

ऑफिस म्हणजे सर्व्हे स्टोअरमधलं एक कपाट. त्याच्या वरच्या दोन फळ्यांवर सरकारी साखळ्या, ओळंबे आणि गंजलेले पेग. खालची फळी असोसिएशनची. तीत इतिवृत्ताची वही, शिक्का, शिक्क्याची वाळलेली गादी आणि विश्वेश्वरय्यांची एक तसबीर. वर्षभर ते त्या फळीवर आडवे असत आणि १५ सप्टेंबरला, म्हणजे जयंतीला, उभे राहत. घटना मात्र टंकलिखित, अकरा पानी. गणसंख्या पंधरा असावी, सभेची सूचना सात दिवस आधी लागावी, अध्यक्ष प्राध्यापकांपैकी असावेत, असं सगळं तीत होतं. असोसिएशनचा उद्देश काय, ते पान तेवढं हरवलं होतं.

हे कॉलेज कुठलं ते सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं, सरकारी, एवढं पुरे. कारण पुढे एका हिशेबाची गोष्ट यायची आहे, आणि सरकारी हिशेब पन्नास वर्षांनीसुद्धा जागा होऊ शकतो.

साल १९७२. मी तिसऱ्या वर्षाला होतो आणि त्या असोसिएशनचा खजिनदार होतो. निवडून वगैरे आलो नव्हतो. आदल्या वर्षी सहलीत चहाचे उरलेले चार आणे मी परत केले होते, ते कोणाच्या तरी लक्षात राहिलं. तरुणपणी प्रामाणिकपणा करताना माणसाने आजूबाजूला पाहून घ्यावं.

सेक्रेटरी होता डंपी. सर्व्हेइंगला 'डंपी लेव्हल' नावाचं एक बुटकं, जाडजूड यंत्र असतं. पहिल्या वर्षी स्टोअरकीपरने ते टेबलावर आणून ठेवलं तेव्हा सगळा वर्ग एकदम त्याच्याकडे वळून पाहू लागला, आणि बारसं झालं. त्याचा खोलीभाई ओळंब्या. सहा फूट दोन इंच, आणि वरून खाली कुठेही जाडी न बदलणारा. हा मेसचा सेक्रेटरी. त्याच्याकडे पाहून आमच्या मेसबद्दल लोकांचा गैरसमज होई, पण खरं सांगायचं तर तो गैरसमज नव्हता.

आणि चौथा मुकादम.

मुकादम माण तालुक्यातला. पहिल्या सर्व्हे कॅम्पला आम्ही तिघं झाडाखाली बसून ऊन किती आहे याची चर्चा करत होतो, तेव्हा हा डोक्याला टॉवेल गुंडाळून रेंजिंग रॉड रोवत सुटला होता. "उठा की आता, सावली काय पगार देती व्हय?" असं ओरडला. त्या दिवसापासून मुकादम. त्याच्या घरच्या माणसांना पुढे खऱ्या मुकादमाच्या हाताखाली काम करावं लागणार आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं.

असोसिएशनचं खरं काम सबमिशनच्या आदल्या रात्री चाले. हे घटनेत नव्हतं. होस्टेलच्या खिडकीची काच काढायची, दोन स्टुलांवर आडवी ठेवायची, खाली शंभराचा दिवा लावायचा, काचेवर मूळ ड्रॉइंग, त्यावर कोरा शीट, आणि दिसेल ती रेघ मारायची. याला 'जी. टी. मारणं' म्हणत, जी. टी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. आमच्या होस्टेलच्या खिडक्यांना काचा का नाहीत, याची चौकशी करायला एकदा सार्वजनिक बांधकाम खात्याचे ओव्हरसीअर आले होते. ते स्वतः आमच्याच कॉलेजात शिकलेले. एक नजर खिडकीवर, एक नजर स्टुलावर टाकून मुकाट्याने चहा पिऊन गेले.

मूळ ड्रॉइंग नेहमी मुकादमाचं. त्याची रेघ अशी, की पेन्सिलीलाही अभिमान वाटावा. पण एकदा बंगल्याच्या प्लॅनमध्ये न्हाणीघराला दार दाखवायचं तो विसरला. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गाने बेचाळीस बंगले सादर केले, आणि बेचाळिसांतल्या एकाही कुटुंबाला आंघोळीची सोय नव्हती. ड्रॉइंगचे सर इतकंच म्हणाले, "निदान एखाद्याने तरी खिडकी मोठी ठेवायची."

तर असे दिवस चालले होते. त्या वर्षी पाऊस मात्र चालला नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याबद्दल सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मिळेल त्या भावाने गेली, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळू लागला. सरकारने पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग अशी कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आम्हाला होस्टेलात यातलं काय कळत होतं? मेसची भाकरी लाल झाली, एवढं. डंपीने तिला 'सिंदूर' नाव ठेवलं आणि आम्ही हसलो.

मुकादम मात्र जानेवारीपासून एकाएकी धार्मिक झाला. सोमवार तर तो आधीपासूनच करायचा. आता गुरुवार आला, मग शनिवार. चतुर्थी, एकादशी होतीच. आठवड्याचे वार सात आणि मुकादमाचे उपास पाच, असा हिशेब झाला. "अरे, तुझं नक्की दैवत कोणतं?" म्हणून डंपीने विचारलं, तर म्हणाला, "जे भेटंल ते." उपासाला काय खातोस, तर पाणी. आम्ही त्याला 'महाराज' म्हणू लागलो. डंपी तर त्याला येताजाता खाली वाकून नमस्कार करी. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

उलगडा झाला तो प्रयोगशाळेत. फेब्रुवारीत आम्हाला खडीच्या चाचण्या होत्या. खडी एका पोलादी नळकांड्यात भरायची, मशीनखाली दहा मिनिटांत ४० टनांचं वजन चढवायचं, आणि चुरा किती झाला ते चाळणीने पाहायचं. आमच्या बॅचला तीन ढीग दिले होते, आणि कोणती खडी जास्त टणक ते चाचणीनेच ठरवायचं होतं. मुकादमाने प्रत्येक ढिगातले दोन-दोन दगड उचलले, एकमेकांवर आपटले, कानाशी धरले, आणि मशीन सुरू व्हायच्या आत म्हणाला, "ह्यो पयला. ह्यो दुसरा. ह्यो तिसरा मुरमाड हाय, फुकटचाच."

दोन तासांनी आमचं उत्तर तेच आलं.

"तुला रे कसं कळलं?" ओळंब्याने विचारलं.

"आवाज हाय की त्याला." मग चाळणी हलवता हलवता, जणू तिसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं म्हणाला, "दिवाळीपासनं आई-दादा खडीवर हायती. सुट्टीत मी बी गेलतो आठ दिस. टणक दगड आला की ब्रास भरत न्हाई. मग आवाज बघूनच दगूड घ्यायचा."

दादा म्हणजे त्याचे वडील. आमच्या हातात वर्गवारी केलेली, धुतलेली, वाळवलेली सरकारी खडी होती. कोणी काही बोललं नाही. डंपीने उगाचच चुऱ्याचं वजन पुन्हा केलं.

त्या रात्री ओळंब्याने मेसचं रजिस्टर उघडलं. मुकादमाचं बिल जानेवारीपासून थकलेलं, आणि उपासाच्या दिवशीचे सगळे खाडे नीट, सही करून, आदल्या दिवशी लिहून दिलेले. कंत्राटदार दोनदा बोलला होता. मार्चअखेर पैसे आले नाहीत तर परीक्षेचा फॉर्म अडकणार.

दुसऱ्या दिवशी असोसिएशनची सभा भरली. घटनेप्रमाणे सात दिवसांची सूचना नव्हती; दहा मिनिटांची होती. गणसंख्या पंधराची, हजर एकतीस. असोसिएशनच्या इतिहासात गणसंख्या पुरी झालेली ही एकमेव सभा, त्यामुळे ती कशी चालवतात हे कोणाला माहीत नव्हतं. मुकादमाला आधीच खडू आणायला गावात पाठवला होता. तो खडू घेऊन आला तेव्हा सभा संपली होती, आणि आमच्याकडे फळाच नाही हे त्याच्या लक्षात आलं असणार. पण तो काही बोलला नाही.

वर्गणी काढू, असं प्रथम ठरत होतं. पण वर्गणीची यादी म्हटली की ती होस्टेलभर फिरते, आणि मुकादम यादी पाहून कोणासाठी म्हणून विचारता, आणि स्वतःही चार आणे देता! तेव्हा पैसे असोसिएशनच्या शिलकेतून द्यायचे ठरलं. इतिवृत्तात काय लिहावं यावर अर्धा तास खल झाला. शेवटी डंपीने आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं: 'एका खांबास जानेवारी ते मार्च असा तीन महिने तात्पुरता टेकू देण्यात यावा. एकमताने मंजूर.'

खांबाला कळता कामा नये, ही मुख्य अट. ते काम ओळंब्याकडे. त्याने मुकादमाला गाठून सांगितलं, "हे बघ, तुझे खाडे इतके झालेत, की तुझं बिल मागच्या डिपॉझिटमध्येच वळतं झालं. उलट मेसच तुझं थोडं देणं लागते. तेव्हा आता जेवून फेड."

गणितात आमच्यातला सर्वांत हुशार मुलगा तो. त्याने ओळंब्याकडे वर पाहिलं. वर पाहण्यावाचून इलाज नव्हता. म्हणाला, "खाड्यांचा हिशेब बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे."

"मग बरोबर हाय."

आणि त्या संध्याकाळी तो पंगतीला येऊन बसला. वार गुरुवार होता. डंपीने त्याला वाढताना काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि नुसतंच मिटलं. डंपीला तोंड मिटताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

इथवर सगळं सोपं होतं. खजिनदार मी होतो, हे मला मार्चअखेरीला आठवलं.

सभासद १२०, वर्गणी ५ रुपये; जमा ६०० रुपये. खरा खर्च ३८५ रुपये ५० पैसे. टेकूचे गेले २१४ रुपये ५० पैसे. शिल्लक शून्य. आता हे २१४.५० दाखवायचे कुठे? 'टेकू' असं लिहिलं असतं तर कोणता खांब, कुठला, टेंडर मागवलं होतं का, असे प्रश्न आले असते. रात्री दोन वाजता डंपीला युक्ती सुचली. "अरे, बाउडिच लाव!"

जे सुदैवाने इंजिनिअर नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीची मोजणी करताना एका बिंदूपासून निघून, फिरून पुन्हा त्याच बिंदूवर यायचं असतं. कागदावर ते कधीच येत नाही. थोडं अंतर राहतंच. त्याला 'क्लोजिंग एरर' म्हणतात. ही चूक कोणाची, हे शोधत बसायचं नाही. बाउडिच नावाच्या अमेरिकन गणित्याच्या नियमाने ती सगळ्या बाजूंना, ज्याच्या त्याच्या लांबीच्या प्रमाणात, वाटून द्यायची. मोठ्या बाजूने जास्त सोसायचं, लहान बाजूने थोडं. मग आकृती बिनबोभाट मिटते. आता इतकी वर्षं गेल्यावर वाटतं, की त्या कॉलेजात आम्हाला जे शिकवलं त्यातलं एवढंच काय ते जगाच्या उपयोगी होतं.

तर बाउडिच लावला. खर्चाची प्रत्येक बाब दीडपटीहून थोडी जास्त झाली. १८० कप चहा होता, त्याचा २८० कप झाला. टपालाची २७ तिकिटं होती, ती ४२ झाली. खरे हार ९ होते, ते १४ झाले. इथे जरा अडचण आली. व्याख्यानाला आलेले पाहुणे वाढवता येत नव्हते, कारण त्यांची नावं फलकावर लागली होती. म्हणून वाढीव पाचही हार विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला घातले. हा माणूस सरकारी काम सरकारी मेणबत्तीवर करी आणि घरचं काम करताना ती विझवून स्वतःची लावी, असं सांगतात. त्याच्या गळ्यात आम्ही खोट्या हिशेबाचे पाच हार घातले.

शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ मात्र खरोखरच कापावा लागला. त्यांना परंपरेने श्रीखंड-पुरी असे. त्या वर्षी शेंगदाणे, गूळ आणि अर्धा कप चहा. त्यांच्यातले निम्मे त्या सभेला हजर होते, उरलेल्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. पण तक्रार आली नाही. एकाने आभाराच्या भाषणात "इतका पौष्टिक समारंभ मागे झाला नव्हता" असं म्हटलं, तेवढंच.

हिशेबावर सही अध्यक्षांची लागे. अध्यक्ष आमचे सर्व्हेइंगचे सर. शिस्तीचे इतके, की फील्डबुकात खोडरबर दिसला तर अख्ख्या बॅचला पुन्हा मोजणी करायला लावत. "चुकलं तर चुकलं म्हणा," ते सांगत, "एक रेघ मारा आणि वर बरोबर लिहा. खोडलं, की काय चुकलं होतं तेही जातं." त्यांच्यासमोर मी ती वही ठेवली. रात्रभर खोडरबर वापरून कागद इतका पातळ झाला होता, की त्यातून मागच्या पानावरचा चहा दिसत होता.

सरांनी चष्मा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हार चौदा?"

"हो सर."

"त्यातले सहा एकाच तसबिरीला?"

"तसबीर मोठी आहे सर."

"तिकिटं बेचाळीस. एवढी पत्रं कोणाला लिहिलीत?"

मी ओळंब्याकडे पाहिलं, ओळंब्याने डंपीकडे, डंपीने जमिनीकडे. त्याला ती जवळ होती.

सरांनी खिशातून स्लाइड रूल काढला. सगळ्या बाबी एकेक करून लावून पाहिल्या. मग चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं.

"बाउडिच लावलाय?"

"...हो सर."

"मोजणीत परमिसिबल एरर किती असते?"

"हजारात एक, सर."

"आणि तुमची?"

"तीनात एक, सर," मी म्हणालो. खरं तर थोडी जास्तच होती.

"एवढी एरर आली तर काय करतात?"

"पुन्हा मोजणी करतात, सर."

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मैदान होतं, आणि त्यावर गवताची काडी नव्हती. मग त्यांनी विचारलं, "एकाच मुलाचं आहे का आणखी कोणी आहेत?" आम्ही म्हटलं, एकाच. "नाव सांगू नका. ओरलला माझ्याकडेच असेल तो." आणि सही करण्याआधी टपालाच्या बाबीवर एक रेघ मारून वर नवा आकडा लिहिला. "इथे चाळीस पैसे चुकलेत. नियम लावायचा तर नीट लावावा."

मुकादमाचा परीक्षेचा फॉर्म गेला. मेच्या सुट्टीत तो घरी गेला आणि पाझर तलावाच्या कामावर खरोखरच हजेरीचं मस्टर भरायला बसला, असं त्याने पत्राने कळवलं. पत्राखाली सही 'मुकादम' अशीच होती. १९७४ साली आम्ही चौघेही पास झालो. त्याला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, डंपी मुंबईला गेला, ओळंब्या आखातात. मी कुठे गेलो ते महत्त्वाचं नाही; असोसिएशनची हिशेबाची वही चुकून माझ्या ट्रंकेतून माझ्याबरोबर गेली, ते महत्त्वाचं.

१९७६ च्या पावसाळ्यात मला सरांचं पोस्टकार्ड आलं. 'असोसिएशनच्या नावाने २११ रुपये २५ पैशांची मनीऑर्डर आली आहे. कुपनावर मजकूर: मेस, जानेवारी ते मार्च १९७३, खाडे वजा जाता. पाठवणाऱ्याचे अक्षर ड्रॉइंगचे आहे. ही रक्कम कोणत्या बाबीखाली जमा करावी ते तत्कालीन खजिनदार या नात्याने कळवावे.'

२११.२५! मी वही काढून पाहिली. आम्ही भरले होते २१४.५०. फेब्रुवारीतल्या दोन उपासांचे खाडे धरायला ओळंब्या विसरला होता. आम्ही इतकी लपवाछपवी करून कंत्राटदाराला सव्वातीन रुपये जास्त दिले, आणि ज्याच्यापासून लपवलं त्याच्याकडे बरोबर आकडा होता. पहिल्या दिवसापासून होता. सव्वातीन रुपये आमच्या मूर्खपणाचे, ते त्याने आमच्याकडेच ठेवले.

मी सरांना उलट कार्ड टाकलं: 'बाउडिचच्या नियमाने सर्व बाबींत वाटून जमा करावी.' सरांनी ते ऐकलं नाही. त्यांनी सरळ 'जमा: २११.२५' असं लिहिलं. आणि काय गंमत बघा, पैसे कमी पडले होते त्या वर्षी एका अक्षरानेही न बोललेल्या ऑडिटरांनी, पैसे जास्त झाले म्हटल्यावर लेखी खुलासा मागवला. सरांनी खुलासा पाठवला तो मला निवृत्त झाल्यावर त्यांनीच दाखवला. एकच ओळ होती: 'मागील मोजणीतील चूक, एक रेघ मारून वर बरोबर लिहिले आहे.'

त्याखाली ऑडिटरांचा लाल शाईतला शेरा: 'मूळ फील्डबुक सादर करावे.'

ते माझ्याकडे आहे. अजून सादर केलेलं नाही.